अणुयुद्ध किती वेळा होता होता राहिलं? शीतयुद्धाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून दर थोड्या दिवसांनी कुणीतरी "आता अणुयुद्ध होणार" असा फॉरवर्ड पाठवतं, आणि त्याखाली तेच तेच प्रश्न येतात, क्युबात काय झालं होतं, लाल बटण खरंच असतं का, तो रशियन ऑफिसर कोण ज्याने जग वाचवलं वगैरे. दर वेळी टाईप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीयेत, जिथे गंमत जास्त तिथे जास्त लिहिलंय.

शीतयुद्धात प्रत्यक्ष लढाई झालीच नाही ना? मग एवढं कसलं टेन्शन?

अमेरिका आणि सोव्हिएत युनियन (पुढे सोयीसाठी रशियाच म्हणतो) यांचं एकमेकांशी जाहीर युद्ध झालं नाही, एवढंच खरं आहे. कोरिया, व्हिएतनाम, अंगोला, अफगाणिस्तान इथल्या लोकांना जाऊन विचारा लढाई झाली की नाही, लाखोंनी माणसं मेली तिथे. कोरियात तर सोव्हिएत पायलट परक्या खुणा रंगवलेल्या मिग विमानांतून अमेरिकन विमानांशी सरळ सरळ लढत होते, दोन्ही सरकारांना ते माहीत होतं, आणि दोघंही मूग गिळून गप्प बसली, कारण कबूल केलं असतं तर पुढे काहीतरी करावं लागलं असतं.

अणुबॉम्बची भाषाही तिथेच सुरू झाली. ३० नोव्हेंबर १९५० ला प्रेसिडेंट ट्रुमन पत्रकारांसमोर बोलून गेले की बॉम्बच्या वापराचा विचार चालू आहे, झालं, ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली घाईघाईने वॉशिंग्टनला पोचले.

जाता जाता, कोरियातल्या युद्धबंदीनंतर घरी परत जायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांना सांभाळायचं किचकट काम भारतीय फौजेकडे आलं होतं, आणि त्या फौजेचे प्रमुख होते आपले एस. पी. पी. थोरात. दोन्ही बाजूंचे कैदी, दोन्ही बाजूंच्या शिव्या, आणि तरी ते निभावून नेलं. आपल्याकडे यावर फार कमी बोललं जातं.

१९४५ ला बॉम्ब फक्त अमेरिकेकडे होता, मग तेव्हाच रशियाला संपवलं का नाही?

कारण हातात तेवढे बॉम्बच नव्हते. हिरोशिमा नागासाकीनंतर पहिली काही वर्षं अमेरिकेकडचा साठा अगदी किरकोळ होता, आणि युरोपात सोव्हिएत फौज बसलेली. शिवाय चार वर्षं लढून सगळे थकलेले, लोकांना पोरं घरी यायला हवी होती. २९ ऑगस्ट १९४९ ला रशियाने कझाकस्तानात सेमीपलाटिन्स्कला आपला पहिला स्फोट केला आणि तो विषय संपला.

एवढे हजारो बॉम्ब कशाला बनवले? शंभर पुरले नसते का?

पुरले असते हो, पण तसा विचार कोण करतो. १९५२ मधे अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला, रशिया मागोमाग. १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटावर अमेरिकेने जो फोडला तो १५ मेगाटनचा (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाएवढा) निघाला, अंदाजाच्या अडीच पट, म्हणजे बनवणाऱ्यांचंच गणित चुकलं. त्याची राख लांब मासे पकडत असलेल्या एका जपानी बोटीवर पडली आणि सगळे खलाशी आजारी पडले. त्यानंतर महिन्याभरात नेहरूंनी चाचण्या थांबवा म्हणून जाहीर मागणी केली, असं म्हणणारे ते जगातल्या पहिल्या काही नेत्यांपैकी. ऐकलं कोणी नाही. ३० ऑक्टोबर १९६१ ला रशियाने नोवाया झेमल्या बेटावर साधारण ५० मेगाटनचा फोडला, आजवरचा सगळ्यात मोठा. लष्करी उपयोग जवळपास शून्य, विमानातून न्यायलाच केवढा खटाटोप, निव्वळ दाखवायला.

आकड्यांमागे अजून एक कारण होतं, समोरच्याकडे किती आहेत हे नीट माहीतच नव्हतं. १९५७ मधे रशियाचा स्पुटनिक, जगातला पहिला उपग्रह, उडाला तेव्हा अमेरिकेत पाचावर धारण बसली, रशियाकडे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त मिसाईल आहेत असं वाटायला लागलं, १९६० च्या इलेक्शनमधे केनेडींनी, म्हणजे पुढच्या प्रेसिडेंटनी, तोच मुद्दा वाजवला. खरं तर उलटं होतं. १९६२ मधे अमेरिकेकडे पंचवीस हजारांच्या वर अण्वस्त्रं होती आणि रशियाकडे तीन साडेतीन हजार. १९८६ च्या सुमारास दोघांची मिळून, बाकी देश धरून, सत्तर हजारांच्या आसपास गेली.

क्युबात नेमकं झालं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेकांना गोष्ट अर्धीच माहीत असते, म्हणजे रशियाने मिसाईल आणली, केनेडीने दम दिला, रशिया घाबरून परत गेला.

आधीचं बघा. एप्रिल १९६१ मधे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने, सीआयएने, क्युबातल्या निर्वासितांना ट्रेनिंग देऊन क्युबाच्या किनाऱ्यावर बे ऑफ पिग्सला उतरवलं, तिथला नेता कॅस्ट्रो याला उलथवायला, आणि ते पार तोंडावर आपटले. त्यामुळे कॅस्ट्रोला अमेरिका परत येणार याची खात्री. दुसरीकडे अमेरिकेने इटली आणि तुर्कस्तानात ज्युपिटर नावाची अण्वस्त्रवाली मिसाईल ठेवली होती, तुर्कस्तान म्हणजे रशियाच्या अगदी उशाशी. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हचं म्हणणं, तुम्ही आमच्या दारात ठेवता ना, मग आम्ही तुमच्या दारात ठेवतो, बघा कसं वाटतं.

मग ऑपरेशन अनादीर, म्हणजे मिसाईल आणि फौज गुपचूप क्युबाला न्यायची मोहीम. नाव सायबेरियातल्या नदीचं, सैनिकांना बर्फातले बूट आणि स्की दिले, का तर कोणाला वाटू नये की हे गरम देशात चाललेत. चाळीस हजारांच्या वर सोव्हिएत माणसं जहाजांच्या पोटात बसून क्युबाला पोचली, अमेरिकेचा अंदाज त्याच्या पाव भागाच्या आसपास होता. १४ ऑक्टोबर १९६२ ला यू-२ या अमेरिकन हेर विमानाने मिसाईलचे फोटो काढले, १६ तारखेला सकाळी केनेडींच्या हातात. तिथून तेरा दिवस.

पहिला आठवडा सगळं गुपचूप. लष्करातले बडे लोक म्हणत होते लगेच हवाई हल्ला करा आणि मग बेटावर उतरा. केनेडींनी समुद्रातून नाकेबंदी निवडली, तिला नाव दिलं क्वारंटाईन, कारण नाकेबंदी हे कायद्याने युद्धाचं पाऊल ठरतं. २२ ला टीव्हीवर जाहीर केलं, २४ पासून लागू. त्याच दिवशी अमेरिकेचे बॉम्बर आणि मिसाईल सांभाळणारं कमांड डेफकॉन २ वर गेलं, म्हणजे युद्धाच्या एक पायरी आधी.

आता जो हल्ला करा म्हणून जनरल मागे लागले होते तो केला असता तर? तर क्युबात लांब पल्ल्याच्या मिसाईलशिवाय छोटी, रणांगणावर वापरायची अण्वस्त्रंही होती, बीचवर उतरणाऱ्या फौजेवर मारायची. अमेरिकेला ती अण्वस्त्रं तिथे पोचलीत याचा पत्ता नव्हता. तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांना हे १९९२ मधे कळलं, हवानातल्या एका परिषदेत, जुने रशियन जनरल समोर बसून सांगत होते तेव्हा. तीस वर्षांनी!

२७ ऑक्टोबर १९६२ ला एवढं काय घडलं की त्याला सगळ्यात धोकादायक दिवस म्हणतात?

त्या एका शनिवारी तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन गोष्टी झाल्या आणि तिन्हींमधे केनेडी किंवा ख्रुश्चेव्ह यांचा हात नव्हता. मला विचाराल तर शीतयुद्धातलं शिकण्यासारखं सगळं या दिवसात आहे. आपल्याला वाटतं की दोन नेते बुद्धिबळ खेळत होते, प्रत्यक्षात पटावरची प्यादी आपापली हलत होती.

एक, क्युबावर मेजर रुडॉल्फ अँडरसनचं यू-२ पाडलं गेलं, तो मेला. मिसाईल सोडायचा निर्णय तिथल्याच सोव्हिएत अधिकाऱ्यांनी घेतला, मॉस्कोला न विचारता. अमेरिकेत आधी ठरलं होतं की विमान पाडलं तर त्या तळावर हल्ला करायचा. केनेडींनी थांबवलं.

दोन, चार्ल्स मॉल्ट्स्बी नावाचा दुसरा यू-२ पायलट उत्तर ध्रुवाकडे हवेचे नमुने घ्यायला गेला होता, रशियाच्या चाचण्यांचा माग काढायला, रोजच्यासारखं काम. त्या भागात होकायंत्र कामाचं नाही म्हणून ताऱ्यांवरून दिशा बघायची, आणि नेमका नॉर्दर्न लाइट्सचा झगमगाट, तारे दिसेनात. भरकटत गेला थेट चुकोत्का म्हणजे सोव्हिएत हद्दीत. रेडिओवर बालालाईकाचं संगीत ऐकू आलं तेव्हा त्याला कळलं की आपण कुठे आहोत! त्याला पकडायला मिग उडाले, त्याला वाचवायला अलास्कातून अमेरिकन फायटर उडाले, आणि अलर्ट चालू असल्यामुळे त्या फायटरांवर लावलेली मिसाईल अण्वस्त्रवाली. इंधन संपलेलं, इंजिन बंद, ग्लायडरसारखा तरंगत कसाबसा अलास्कात परतला. बातमी कळल्यावर केनेडी वैतागून एक शिवी हासडून म्हणाले ते अशा अर्थाचं होतं की निरोप न पोचलेला एखादा असतोच.

आणि तीन, पाणबुडी बी-५९, तिच्यावर वेगळा प्रश्न खाली आहे.

त्याच रात्री केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले आणि सौदा ठरला.

पाणबुडीतल्या त्या आर्खिपोव्हने खरंच जग वाचवलं का?

आधी परिस्थिती समजून घ्या. चार डिझेल पाणबुड्या रशियाच्या उत्तरेकडून क्युबाकडे पाठवलेल्या, प्रत्येकीत एक अण्वस्त्र टॉर्पेडो. या पाणबुड्या थंड समुद्रासाठी बनवलेल्या, आणि आल्या कुठे तर कॅरिबियनजवळच्या कोमट पाण्यात. बी-५९ मधे थंड करायची यंत्रणा बिघडली, आत पंचेचाळीस पन्नासच्या वर तापमान, पाणी मोजून मापून, माणसं चक्कर येऊन पडतायत, हवेत कार्बन डायऑक्साईड वाढलेला, बॅटऱ्या संपत आलेल्या. मॉस्कोशी धड संपर्क नाही. वर युद्ध सुरू झालं की नाही हे आतल्या एकाही माणसाला माहीत नाही.

वरून अमेरिकन जहाजं छोटे सराव बॉम्ब टाकत होती, वर या अशी खूण म्हणून. ही खूण काय आहे ते अमेरिकेने मॉस्कोला कळवलं होतं, पण पाणबुड्यांपर्यंत ते पोचलंच नाही. आतल्यांना काय ऐकू येत असणार? पत्र्याच्या पिंपात बसवून बाहेरून कोणी हातोडा मारतंय असं, तासन् तास.

आत असलेला एक अधिकारी वादिम ओर्लोव्ह याने नंतर सांगितलं की कॅप्टन सावित्स्की भडकला आणि टॉर्पेडो तयार करा म्हणाला. वासिली आर्खिपोव्ह त्याच पाणबुडीवर होता, हुद्दा कॅप्टनच्याच बरोबरीचा, सगळ्या चार पाणबुड्यांच्या तुकडीचा चीफ ऑफ स्टाफ. त्याने शांत केलं आणि पाणबुडी वर आली. हा तोच आर्खिपोव्ह जो १९६१ मधे के-१९ पाणबुडीवर रिॲक्टरचा अपघात झाला तेव्हा आत होता, किरणोत्सर्गाने माणसं कशी मरतात ते त्याने डोळ्यांनी बघितलेलं.

आता नेमकं काय झालं यावर वाद आहेत. दुसऱ्या आठवणींनुसार खरा गोंधळ पाणबुडी वर आल्यावर झाला, अमेरिकन विमान खाली येऊन प्रखर दिवे टाकत आणि गोळ्या झाडत गेलं तेव्हा सावित्स्कीला हल्लाच झाला असं वाटलं आणि तो घाईत परत खाली जायला निघाला. तीन जणांनी मत दिलं, दोन हो आणि एक नाही, हे जे सगळीकडे फिरतं ते मला जरा सिनेमासारखं वाटतं. पण टॉर्पेडो होता हे नक्की, आतल्या माणसांची अवस्था तशी होती हे नक्की, आणि आर्खिपोव्हमुळे निभावलं यावर दोन्ही गोष्टींचं एकमत आहे. एवढं पुरेसं आहे माझ्या मते, वर मसाला लावायची गरज नाही.

अस्वलामुळे अणुयुद्ध होणार होतं ही अफवा आहे ना?

नाही हो, खरं आहे! २५ ऑक्टोबर १९६२, मध्यरात्रीच्या सुमारास, मिनेसोटातल्या डुलुथच्या लष्करी तळावर पहारेकऱ्याला कुंपणावर काहीतरी चढताना दिसलं, त्याने गोळी झाडली आणि घातपाताचा अलार्म वाजवला. हा अलार्म आसपासच्या तळांवरही वाजायचा. विस्कॉन्सिनमधल्या व्होल्क फील्डला वायरिंग चुकीचं होतं, त्यामुळे तिथे घातपाताच्या ऐवजी युद्ध सुरू झाल्याचा भोंगा वाजला. पायलट धावत विमानात बसले, विमानांवर अण्वस्त्रं, रनवेकडे निघालेसुद्धा. तेवढ्यात डुलुथला कळलं की कुंपणावर अस्वल होतं, मग एका माणसाने गाडी काढली आणि दिवे लावत विमानांच्या समोर नेऊन थांबवलं.

लोक हे हसून पुढे ढकलतात. मला त्यात अस्वलापेक्षा वायरमनची भीती जास्त वाटते.

मग क्युबात जिंकलं कोण?

त्या वेळी जगाला वाटलं केनेडी. २८ ऑक्टोबरला मॉस्को रेडिओवर जाहीर झालं की मिसाईल परत नेतो, बदल्यात अमेरिका क्युबावर हल्ला करणार नाही. जे जाहीर झालं नाही ते असं की तुर्कस्तानातली ज्युपिटरही काढायची, फक्त हे कुठे बोलायचं नाही. एप्रिल १९६३ पर्यंत ती गेलीसुद्धा. ख्रुश्चेव्हने शब्द पाळला, तोंड बंद ठेवलं, आणि त्यामुळे घरात त्याचीच नाचक्की झाली. १४ ऑक्टोबर १९६४ ला त्याला खुर्चीवरून काढलं, कारणं बरीच होती पण क्युबाचंही माप त्याच्या पदरात घातलं गेलं. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला चीनने पहिला अणुस्फोट केला.

कॅस्ट्रो तर भयंकर चिडला. त्याला कोणी विचारलंच नाही, मिसाईल परत चालल्याची बातमी त्याला रेडिओवरून कळली. अर्थात त्यानेही आदल्या दिवशी ख्रुश्चेव्हला पत्र लिहून अमेरिका बेटावर उतरली तर तुम्ही आधी अण्वस्त्रं चालवा असं सुचवलं होतं, ते वाचून ख्रुश्चेव्हला घाम फुटला असणार.

हे चालू असताना आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्याकडे चीन घुसला होता. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने लडाख आणि नेफात (आजचा अरुणाचल) एकदम हल्ला केला, केनेडींचं टीव्हीवरचं भाषण आपल्याकडे २३ ची पहाट होती. दोन महासत्ता क्युबात अडकलेल्या आणि इथे आपण एकटे. अगदी दुष्काळात तेरावा महिना. रशियाला त्या आठवड्यात चीनची साथ हवी होती म्हणून २५ ऑक्टोबरला प्रावदाने, म्हणजे तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या पेपरने, चीनच्या बाजूने लिहिलं, जो रशिया आपला मित्र म्हणून आपण धरून होतो त्याने! क्युबाचं निवळल्यावर नोव्हेंबरमधे सूर परत बदलला.

नोव्हेंबरात बोमडिला पडलं तेव्हा नेहरूंनी केनेडींना पत्र लिहून फायटर विमानांची बारा स्क्वॉड्रन मागितली, अलिप्ततावादाचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता हे मागतोय म्हणजे वेळ काय आली असेल बघा. २० नोव्हेंबरला अमेरिकेने क्युबाचं क्वारंटाईन उठवलं आणि २१ ला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. ही जोडी मुद्दाम जुळवली होती असं काही जण सांगतात, पण चीनपुढे हिवाळाही होता आणि हवं ते मिळालंही होतं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचं पद गेलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो ते याच दिवसांतलं. आणि वर ज्या थोरातांचं नाव आलं त्यांनीच पूर्वेकडचे प्रमुख असताना चीनबद्दल आधीच धोक्याची सूचना लिहून दिली होती, ती मेनन यांनी बाजूला ठेवली.

रशियाबरोबरचा मिग विमानांचा करारही त्याच वर्षीचा, आणि त्यातून नाशिकजवळ ओझरला जो एचएएलचा कारखाना आला तिथे पुढे मिग-२१ बनली. म्हणजे महासत्तांच्या भांडणातून नाशिकच्या कित्येक घरांत चूल पेटली, असंही असतं.

व्हाईट हाऊसमधे तो लाल फोन होता ना?

फोन नव्हताच कधी. क्युबाच्या वेळी एकेक पत्र पोचून भाषांतर व्हायला तासन् तास लागत होते. दोब्रिनिन यांनी सांगून ठेवलंय की वॉशिंग्टनच्या सोव्हिएत वकिलातीतून मॉस्कोला तार पाठवायची तर तार कंपनीचा पोरगा सायकलवरून येऊन कागद घेऊन जायचा, आणि हे म्हणे त्याने वाटेत मैत्रिणीशी गप्पा मारत बसू नये म्हणून देवाकडे प्रार्थना करत. जगाचा जीव टांगणीला आणि तार सायकलवर!

म्हणून २० जून १९६३ ला हॉटलाईनचा करार झाला. ती टेलिप्रिंटरची लाईन होती, मुद्दाम, कारण बोलताना माणूस रागात काहीही बोलून जातो आणि दुभाष्याची चूक वेगळीच, लिहिताना निदान दोन मिनिटं विचार करतो. १९६७ च्या अरब इस्राईल युद्धात वापरली, आणि डिसेंबर १९७१ मधे आपल्या बांगलादेश युद्धातही.

१९७१ ला अमेरिकेने आपल्यावर अणुबॉम्ब टाकायची धमकी दिली होती का?

तशी सरळ धमकी नाही. अमेरिकेने आपल्या सातव्या आरमारातला ताफा बंगालच्या उपसागरात पाठवला, त्यात एंटरप्राईज ही अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका, घाबरवायलाच. रशियाने व्लादिवोस्तोकहून आपली जहाजं आणि पाणबुड्या मागे लावल्या, ऑगस्टमधे आपला त्यांच्याशी मैत्री करार झालेलाच होता. १६ डिसेंबरला ढाका पडलं, विषय संपला.

लाल बटण तरी असतं का?

नाही. प्रेसिडेंटबरोबर एक ऑफिसर जड ब्रीफकेस घेऊन फिरतो, तिच्यात पर्याय आणि संपर्काची साधनं, आणि प्रेसिडेंटच्या खिशात ओळख पटवणारं कोडचं कार्ड. तिथून हुकूम खाली जातो, आणि शेवटी मिसाईल सोडायला दोन माणसांनी एकाच वेळी करायची कृती असते. पण एक लक्षात घ्या, तो हुकूम द्यायला अमेरिकन प्रेसिडेंटला दुसऱ्या कोणाची परवानगी लागत नाही. दोन माणसांचा नियम खालच्यांसाठी, वर एकच.

आणि हे सगळे लॉक नंतरचे. बी-५९ वरच्या टॉर्पेडोला वरून कोड यायची गरजच नव्हती. विमानांचं तर विचारू नका, २४ जानेवारी १९६१ ला नॉर्थ कॅरोलिनात गोल्ड्सबोरोजवळ बी-५२ हवेतच तुटलं आणि दोन हायड्रोजन बॉम्ब खाली आले. एक पॅराशूटने झाडाला लटकला, त्याचे बाकीचे टप्पे पार पडत गेले आणि एका साध्या स्विचवर सगळं थांबलं.

पेट्रोव्हची गोष्ट काय आहे?

२६ सप्टेंबर १९८३, मॉस्कोजवळ सेर्पुखोव्ह-१५ नावाचं केंद्र, मध्यरात्र उलटलेली. उपग्रहांनी सांगितलं अमेरिकेतून मिसाईल निघालं. मग दुसरं, तिसरं, एकूण पाच. भोंगा वाजतोय, स्क्रीनवर लाल अक्षरं, आणि ड्युटीवर लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेट्रोव्ह. मिसाईल पोचायला अर्धा तास, त्यातली पहिली काही मिनिटं त्याची.

तीन आठवड्यांपूर्वीच, १ सप्टेंबरला, रशियाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, २६९ माणसं गेली, वातावरण एवढं तापलेलं की वरच्यांनी हल्ला खरा मानला असता. पेट्रोव्हने चुकीचा अलार्म म्हणून कळवलं. त्याचा विचार सरळ होता, अमेरिकेला हल्ला करायचाच असेल तर पाचच कशाला सोडेल, जमिनीवरचं रडार काही दाखवत नाही, आणि ही सिस्टीम नवीन आहे, तिचे दोष मला माहीत आहेत. तो मुळात इंजिनिअर होता ना. नंतर स्वतःच म्हणायचा की खात्री अशी नव्हती, फिफ्टी फिफ्टी. ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला मिसाईल वाटलं होतं.

बक्षीस? लॉगबुक नीट भरलं नाही म्हणून बोलणी खाल्ली. मेडल द्यायचं तर सिस्टीम चुकली हे कबूल करावं लागलं असतं, आणि ती बसवणारे मोठे लोक होते. कुठल्याही सरकारी ऑफिसात काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१७ मधे तो गेला.

अमेरिकेचे कॉम्प्युटर चुकले नाहीत का कधी?

चुकले की. ९ नोव्हेंबर १९७९ ला सरावाचा हल्ला खऱ्या स्क्रीनवर दिसायला लागला. जून १९८० मधे परत, तेव्हा कारण निघालं ४६ सेंटची एक चिप. किंमत ऐकून लोकांना धक्का बसतो, मला नाही बसत, महागडी वस्तू नेहमी स्वस्त पार्टमुळेच बंद पडते.

रशिया खरंच घाबरला होता की नाटक करत होता?

१९८३ पुरतं सांगायचं तर बराचसा खरंच घाबरला होता. अमेरिकन प्रेसिडेंट रेगन यांचं रशियाला सैतानी साम्राज्य म्हणणारं भाषण मार्चमधे, त्याच महिन्यात अंतराळातून मिसाईल पाडायची घोषणा, वर्षअखेर जर्मनीत अमेरिकेची पर्शिंग-२ मिसाईल येणार जी काही मिनिटांत रशियात पोचतील. केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेने, एजंटांना कामाला लावलं होतं की पाश्चात्त्य सरकारी इमारतींत रात्री किती दिवे जळतात, रक्तदान वाढलंय का, हे मोजून कळवा. आणि एजंट काय करणार, वरच्यांना जे ऐकायचंय तेच कळवणार. नोव्हेंबरात नाटोचा, म्हणजे अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या लष्करी गटाचा, एबल आर्चर हा सराव झाला, त्यात अण्वस्त्रं वापरायच्या हुकमाचीच रंगीत तालीम, आणि मॉस्कोत काहींना तो खऱ्या हल्ल्याचा बुरखा वाटला. किती जवळ आलं होतं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण सोव्हिएत बाजू खरोखर घाबरते ही गोष्ट लंडनसाठी हेरगिरी करणाऱ्या केजीबीच्याच गोर्दिएव्हस्कीकडून कळली तेव्हा रेगनही चमकले, आणि पुढे रशियात गोर्बाचेव्ह सत्तेवर आल्यावर १९८७ च्या डिसेंबरात मध्यम पल्ल्याच्या मिसाईलचा अख्खा प्रकारच मोडीत काढायचा करार झाला. अमेरिका आणि रशिया दोघंही २०१९ मधे त्यातून बाहेर पडले, ते वेगळं.

नंदादेवीवर अमेरिकेचा अणुबॉम्ब हरवलाय हे खरं का?

बॉम्ब नाही. चीनच्या स्फोटानंतर त्यांच्या चाचण्यांवर नजर ठेवायला सीआयए आणि आपल्या आयबीने मिळून नंदादेवीवर एक यंत्र बसवायचं ठरवलं, ते प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारं. १९६५ च्या ऑक्टोबरात वादळामुळे टीमला ते डोंगरावरच बांधून खाली यावं लागलं, १९६६ मधे परत गेले तर गायब, हिमस्खलनात गेलं असावं. पुढे बरंच शोधलं, नाही सापडलं. १९७८ मधे पंतप्रधान मोरारजी देसाईंनी संसदेत हे कबूल केलं. ते फुटून स्फोट वगैरे होणार नाही, तो त्याचा प्रकारच नाही, प्लुटोनियम विषारी आहे ही काळजी मात्र रास्त.

डूम्सडे क्लॉक क्युबाच्या वेळी किती वाजता होतं?

हे म्हणजे जगाचा नाश किती जवळ आलाय ते दाखवायला शास्त्रज्ञांनी ठरवलेलं प्रतीकात्मक घड्याळ, बारा वाजले की संपलं. तेव्हा ते बाराला सात मिनिटं कमी होतं, आणि तिथेच राहिलं! संकट तेरा दिवसांत आलं आणि गेलं, घड्याळ हलवणाऱ्यांना वेळच मिळाला नाही. १९६३ मधे उलट मागे नेलं, बारा मिनिटांवर. त्यामुळे ते घड्याळ बघून झोप उडवून घेऊ नका, फारतर शास्त्रज्ञांचा मूड कळतो त्यावरून.

आता किती उरलेत?

जगभरात बारा हजारांच्या आसपास, त्यातले नव्वद टक्क्यांच्या जवळ अजूनही अमेरिका आणि रशियाकडेच. दोघांमधल्या शेवटच्या मोठ्या कराराची, न्यू स्टार्टची, मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

परीक्षेसाठी यातलं काय लक्षात ठेवू?

कारणं समजून घ्या, पाठांतर नंतर. जोड्या लावताना गोंधळ होतो तो करारांत. १९६३ चा करार हवेत, पाण्यात आणि अंतराळात चाचण्या बंद करणारा, जमिनीखाली चालू, त्यावर भारताने सही केली. एनपीटी, म्हणजे अण्वस्त्रांचा प्रसार रोखायचा करार, सहीसाठी खुला झाला १९६८ ला आणि लागू झाला १९७० ला, त्यावर आपण सही केलेली नाही. सीटीबीटी, म्हणजे सगळ्याच अणुचाचण्या बंद करायचा करार, १९९६ चा, त्यावरही नाही. आणि पोखरणची पहिली चाचणी १८ मे १९७४ ला जमिनीखालीच केली होती, त्यामुळे १९६३ चा करार आपण मोडला असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे.